बारा पुडे, चाळीस सुटी

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला अन्नपूर्णाबाई शहाऱ्यांनी कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं, तर मधला खण रिकामा. आदल्या संध्याकाळी त्याच खणात त्यांनी सहाशे चाळीस कार्डं ठेवली होती आणि कुलूप स्वतःच्या हातानं लावलं होतं. आता कुलूप शाबूत, किल्ली खुर्चीमागच्या खिळ्यावर जागच्या जागी आणि कार्डं मात्र गायब. दहा मिनिटांनी ती सापडलीही. पण जिथे सापडली ते पाहून बाईंना वाटलं, यापेक्षा हरवलेलीच परवडली असती. ती खुशबू उकेच्या कापडी पिशवीत होती.

यादोराव गहाणे तेव्हा खाली अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होते. घर त्यांचं, वरचा मजला त्यांनी बाईंच्या भाषांतर केंद्राला दिलेला. वय सहासष्ट. रेल्वेत हरवलेल्या पार्सलांचा माग काढण्यात चौतीस वर्षं गेली, आणि आता निवृत्तीनंतर हरवायला काही उरलं नाही म्हणून माणूस थोडा उदासच असायचा. मूळचे सौंदडचे कोहळी. आपल्या पूर्वजांनी किती तलाव बांधले हे ते ओळख झाल्यापासून दोन मिनिटांत सांगत, आणि समोरच्यानं घड्याळ पाहिलं तरी थांबत नसत.

"यादोरावभाऊ, जरा वर या," जिन्याच्या कठड्यावरून बाई म्हणाल्या. आवाज असा, की यादोरावांनी नळ तसाच चालू सोडला.

अन्नपूर्णाबाईंनी हैदराबादेत स्पॅनिश शिकून तिथेच वीस वर्षं शिकवली, आणि मग सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी गोंदियाला परत येऊन हे केंद्र उघडलं. सध्या त्यांच्याकडे एका परदेशी प्रकाशकाच्या स्पॅनिश-इंग्रजी कोशाचं काम होतं. सगळा कोश नव्हे, फक्त दोन-दोन, तीन-तीन शब्दांचे छोटे गट, ज्यांच्या तोंडाशी 'अ', 'दे', 'एन', 'पोर' असं काहीतरी चिमुकलं असतं. दिसायला एवढंसं प्रकरण, पण इंग्रजीत नेताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. 'दे' दिसला की 'ऑफ' लिहून मोकळं होता येत नाही. दे नोचे म्हणजे रात्री, तिथे इंग्रजीला 'ॲट' लागतो. दे मेमोरिया म्हणजे तोंडपाठ, तिथे 'बाय'. दे पासो म्हणजे जाता जाता, तिथे 'इन'. यादोरावांना हे सगळं ठाऊक होतं, कारण रोज दहाचा चहा ते वरच घेत आणि फुकटात शिकत.

बाईंची कामाची पद्धत जुनी होती. प्रत्येक शब्दगट एका जाड कार्डावर. एकानं निळ्या शाईत भाषांतर लिहायचं आणि खाली आपली सही करायची, दुसऱ्यानं लाल शाईत तपासायचं, मग बाईंची मान्यता, आणि त्यानंतरच कार्ड संगणकात चढायचं. 'दे'ची सहाशे चाळीस कार्डं अजून चढली नव्हती. हेमेंद्र बिसेननं ती लिहिली होती, खुशबूनं तपासली होती, आणि बाई आज ती पाहणार होत्या.

आजच, कारण प्रकाशकाला संध्याकाळी सहापर्यंत एक नाव कळवायचं होतं. तीन वर्षांची सहसंपादकाची जागा आणि कोशाच्या पहिल्या पानावर छापील नाव. उमेदवार दोनच, हेमेंद्र आणि खुशबू. बाईंच्या मनात खुशबू होती, हे त्यांनी यादोरावांना आदल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं.

"आता काय कळवू?" बाई म्हणाल्या. "चोरीचा डाग असलेल्या मुलीचं नाव? आणि नाव सोडा, तिला उद्या या कचेरीत तरी कशी येऊ देऊ?"

त्यांनी टेबलावरची पिशवी यादोरावांपुढे सरकवली. आत कार्डांचे गठ्ठे होते, आणि प्रत्येक गठ्ठा पळसाच्या मुळीच्या सालीनं, आडवा-उभा फास देऊन बांधलेला होता. जंगलातून तेंदूपत्ता आणणाऱ्या बाया पुडा बांधतात, अगदी तसा. आणि या कचेरीत तेंदूपत्ता तोडणाऱ्या घरची मुलगी एकच होती.

२

यादोरावांनी दार लावून घेतलं आणि पहिलं काम केलं ते मोजण्याचं. पार्सल सापडलं की आधी नग मोजायचे, बाकीचं रडगाणं नंतर, हा त्यांचा जुना शिरस्ता. बारा पुडे निघाले, आणि वर चाळीस कार्डं सुटी. एक पुडा सोडून मोजला, मग दुसरा, मग सगळे. प्रत्येकात पन्नास. सहाशे चाळीस पुरी भरली. त्यांनी पुडे होते तसे पुन्हा बांधले.

"हा आकडा कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं की पिशवी त्यांनी इथे, आपल्या खोलीत एकटीनं उघडली. बाहेर हेमेंद्र, खुशबू आणि मंजू या तिघांना दारातून एकच पुडा वर धरून दाखवला, तोही लांबूनच. कार्डं सगळी मिळाली की काही मिळाली, हेही कोणाला सांगितलेलं नाही. यादोराव म्हणाले, "मंग सांगूच नका. कोनालेच नाही."

पिशव्या तपासायची सूचना हेमेंद्रची होती. माझी आधी बघा, असंही तो म्हणाला होता. बाहेरच्या खुंट्यांवर तीन पिशव्या होत्या. बाईंनी उचलली ती खुशबूची, कारण ती फुगलेली दिसली, असं त्या म्हणाल्या.

किल्लीचं म्हणाल तर ती कुठे असते हे तिघांनाही माहीत होतं. संध्याकाळी बाई हातपाय धुवायला मागे जात तेवढ्यात कपाट उघडून परत लावणं कोणालाही जमलं असतं. म्हणजे कपाटानं काहीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिली आत आली ती मंजू अग्रवाल. संगणकाचं काम तिचं. तिच्या काकांचं विडीपानाचं गोदाम होतं, तेव्हा पळसाच्या सालीची दोरी तिला रोज पायाखाली दिसत असणार, हे यादोरावांच्या मनात आलंच. पण मंजूचा स्वतःचा असा काही मतलब नव्हता. तिला ती जागा नकोच होती, दिवाळीनंतर तिचं लग्न होतं आणि ती रायपूरला जाणार होती.

"मला स्पॅनिश येतच नाही ना, बाबूजी," ती म्हणाली. "जो कार्ड पे लिखा, वही टाइप करती हूँ. खुशबू चोर आहे असं मला वाटत नाही. पण पिशवी तर तिचीच निघाली, अब क्या बोलें."

यादोरावांनी तिला सहज इकडचं तिकडचं विचारलं. कोण केव्हा येतं, कोणाचं कोणाशी पटतं. मंजू मोकळ्या स्वभावाची, तिनं भरभरून सांगितलं. सकाळी सगळ्यात आधी हेमेंद्र येतो. दर शनिवारी तो गावाकडे, लांजीच्या बाजूला जातो आणि सोमवारी परत येताना चारोळी आणतो, सगळ्यांना वाटतो. माणूस वाईट नाही, पण गेल्या महिन्यापासून खुशबूशी बोलत नाही. का ते मंजूला माहीत नव्हतं.

हेमेंद्र बिसेन तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, नागपूरहून भाषेची पदविका घेतलेला. केंद्र उघडलं त्या दिवसापासून तो इथे होता. तो खुर्चीत ताठ बसला आणि यादोरावांनी विचारायच्या आत बोलायला लागला. त्याला खुशबूचं वाईट वाटत होतं म्हणे. पण ती कार्डं आपल्या सहीची होती. ती घरी नेऊन, हेमेंद्रची सही खोडून, तिथे स्वतःची घालायचा तिचा विचार असणार. आजच बाई कार्डं बघणार होत्या ना.

"मंग सकाळी परत काऊन आनली?" यादोरावांनी विचारलं.

"काम पुरं झालं नसेल. किंवा घाबरली असेल. बांधणी बघितली ना तुम्ही? तेंदूपत्त्याचे पुडे असेच असतात. सवय लपत नाही, बाबूजी."

"तुम्हाला येते का अशी बांधणी?"

हेमेंद्र हसला. "मी शहरातला माणूस. असा पुडा मी आयुष्यात हातात धरलेला नाही."

यादोरावांनी मान हलवली आणि त्याला जाऊ दिलं. मग त्यांनी एक पुडा सोडला आणि कार्डं एकेक करून वाचायला घेतली. दे गोल्पे, म्हणजे एकाएकी. निळ्या शाईत हेमेंद्रनं लिहिलं होतं 'ऑफ ब्लो'. त्याखाली लाल शाईत खुशबूचं 'ऑल ऑफ अ सडन'. दे मेमोरिया, निळ्यात 'ऑफ मेमरी', लाल शाईत 'बाय हार्ट'. पन्नासातल्या सतरा कार्डांवर लाल शाई होती. सहाशे चाळिसांवर किती असेल याचा हिशेब यादोरावांनी मनातच केला, आणि त्यांना हेमेंद्रच्या इस्त्रीच्या शर्टाची दया आली. पण दया हा पुरावा नाही, आणि लाल शाईचा राग दोन्ही बाजूंनी वाचता येतो. बाई म्हणतील, एवढं दुरुस्त केलं म्हणून खुशबूलाच ती कार्डं आपल्या नावावर हवी झाली.

३

खुशबू पाणीसुद्धा प्यायली नव्हती. बाहेरच्या बाकावर ती सकाळपासून बसली होती आणि समोरची भिंत बघत होती. वय तेवीस. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या वाचनालयात बाईंनी फुकट वर्ग घेतले होते, त्यात शेवटच्या रांगेत बसून ही शिकली आणि पुढे सगळ्यांच्या पुढे गेली. मे महिन्यात ती पहाटे आईबरोबर जंगलात जाऊन पानं तोडायची, मग घरी आंघोळ करून एस.टी.नं गोंदियाला दहाच्या ठोक्याला हजर. हे ती कोणापासून लपवत नसे. उलट बोटांवरचे डाग दाखवून हसायची.

"काकाजी, मी नाही नेले ते कार्डं," ती आत येताच म्हणाली. "मले दुसरं काही सांगता येत नाही."

"पिशवी जड लागली नाही सकाळी?"

"जड असती तं मी बस स्टँडवरून पायी आली असती का? खुंटीले अडकवली तवा तिच्यात डबा होता अन् ओढणी होती. बस."

"दोरी तुमच्याकडचीच वाटते."

तिनं टेबलावरच्या पुड्याकडे पाहिलं. यादोरावांनी तिला तो हातात दिला नाही. खुशबू बराच वेळ पाहत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "गाठ आमच्यासारखीच आहे. मीच बांधली असं कोनीही म्हणंल. मॅडमनं म्हटलं, त्यात त्यांचं काय चुकलं."

एवढं बोलून तिनं ओढणी तोंडावर घेतली. यादोरावांना आपल्या नोकरीतले अनेक रडणारे चेहरे आठवले, खरे आणि खोटे. खोटं रडणारा माणूस समोरच्याला दोष देतो. ही बाईंनाच सांभाळून घेत होती. त्यांना तिचं म्हणणं खरं वाटलं, आणि सिद्ध करायला हातात दमडीचं काही नाही याचा संताप आला.

पावणेबारा झाले होते. बाईंनी दारातून विचारलं, पोलिसांत जायचं की नुसतं घरी पाठवायचं. यादोराव म्हणाले, साडेचारपर्यंत काहीच करू नका. त्यांनी एक पुडा आपल्या पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

४

गोरेगाव ओलांडून पुढे सहा किलोमीटरवर खुशबूचं गाव. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अंगणात मोहाच्या झाडाखाली खुशबूची आई सुगंधा आणि शेजारच्या तीन-चार बाया सकाळी तोडलेल्या पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथे, ते न्यायचे होते. हातात पानं, तोंडात गप्पा, आणि बोटं आपली वेगळीच चालत होती.

यादोरावांनी खाट घेतली, पाणी घेतलं, आणि मग एक चूक केली. बायांच्या देखतच त्यांनी सगळं सांगितलं. कार्डं हरवली, खुशबूच्या पिशवीत सापडली, बाई तिला काढून टाकणार आहेत. गप्पा बंद झाल्या. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि सुगंधाची मान खाली गेली. आपण हे हिला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं, हे यादोरावांना तेव्हा कळलं, पण शब्द गेला तो गेला.

"माही पोरगी चोर नाही," सुगंधा म्हणाली. "तुमी शिकलेले मानसं काय म्हनान ते म्हना."

यादोरावांनी पिशवीतून पुडा काढून तिच्यापुढे धरला. "हा पाहा. हा तिच्या हातचा आहे का?"

सुगंधानं तो घेतला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि तळहातावर एकदा वरखाली केला. कार्डं काय आहेत, कशाची आहेत, तिला वाचता येत नव्हतं. तिनं पुड्याची कड अंगठ्यानं भराभर उलटली, ओठ हलवत.

"हा आमचा नोहे," ती म्हणाली. "हे पन्नासच आहेत."

"मंग किती पाहिजे?"

बाया हसल्या. इतका वेळ गप्प बसलेल्या बाया या प्रश्नावर हसल्या, म्हणजे प्रश्न किती खुळा होता ते यादोरावांना उमगलं.

"पुडा सत्तरचा रायते, बाबूजी," सुगंधानं समजावलं. "सत्तर पानं. एक कमी झालं तरी फळीवाला मुनशी फेकून देते. खुशबू सात वर्साची होती तवापासून बांधून रायली. झोपेत बांधंल तरी तिचा हात सत्तरवरच थांबंल."

"मंग पन्नासचा पुडा कोन बांधते?"

उत्तर शेजारणीनं दिलं. वाघ नदीच्या पलीकडे, मध्यप्रदेशात, पुडा पन्नासचा असतो. तिकडची एक सून मागच्या वर्षी गावात आली. पहिल्या दिवशी तिनं मोठ्या हौसेनं चाळीस पुडे बांधले, सगळे पन्नासचे. मुनशीनं एकही घेतला नाही. बिचारी फळीवरच बसून रडली. तिचं काही चुकलं नव्हतं. पुडा म्हणजे किती हे तिला कोणी विचारलं नाही, आणि इकडे वेगळं असेल असं तिच्याही मनात आलं नाही.

यादोराव खाटेवरून उठले. गोंदियातल्या माणसाला पुड्यात किती पानं हे माहीत नसतं, मग तो मोजून बांधणारच नाही, हाताला येईल तेवढी कार्डं घेऊन गाठ मारेल. खुशबू सत्तरचे बांधेल, नऊ पुडे आणि वर दहा सुटी. नेमके पन्नासचे बारा पुडे बांधणारा हात नदीपलीकडे शिकलेला होता, आणि हेमेंद्रची लांजी नदीपलीकडेच होती. आणि त्याला पुडा खुशबूचा दिसायला हवा होता, म्हणूनच त्यानं तो इतक्या मन लावून बांधला होता.

पण हे सगळं तर्काचं झालं. हेमेंद्र म्हणेल, पन्नास हा सरळ आकडा आहे, कोणीही मोजेल. त्याच्या तोंडून काढायला हवं होतं, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

५

साडेचारला यादोरावांनी बाईंच्या खोलीत पुन्हा बैठक मांडली. बारावा पुडा त्यांनी आपल्या घरात, तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला होता. बाईंना एकच अट घातली, की मी काहीही बोललो तरी तुम्ही मध्ये पडायचं नाही. मग त्यांनी तिघांना एकेक करून आत बोलावलं आणि तिघांनाही शब्दशः तेच सांगितलं.

"पिशवीत अकरा पुडे सापडले, अन् वर चाळीस कार्डं सुटी. कपाटातून गेली होती सहाशे चाळीस. म्हणजे अजून किती शोधायची?"

मंजूनं खांदे उडवले. "एका पुड्यात किती आहेत ते मोजल्याशिवाय कसं सांगणार, बाबूजी? गिनना पड़ेगा ना." यादोरावांनी तिला शाबासकी दिली आणि बाहेर पाठवलं.

खुशबूनं प्रश्न ऐकला आणि बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला. तिच्या कपाळावर आठी पडली. "काकाजी, अकरा पुडे म्हणजे सातशे सत्तर. वर चाळीस, म्हणजे आठशे दहा. पन कार्डं तं सहाशे चाळीसच होते. जास्तीचे कुठून आले?"

बाईंनी चमकून यादोरावांकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नव्हतं, पण आपल्याला काही कळलेलं नाही एवढं मात्र कळलं. यादोरावांनी खुशबूला तिथेच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं.

हेमेंद्र शेवटी आला. खुशबूला पाहून तो क्षणभर थबकला, मग खुर्चीत बसला. यादोरावांनी तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. अकरा पुडे, चाळीस सुटी, गेली होती सहाशे चाळीस.

"अकरा?" हेमेंद्र म्हणाला. "मग पन्नास राहिली. पन्नास कार्डं अजून हिच्याकडेच आहेत. सहाच्या आत घरी कोणाला तरी पाठवा, नाहीतर ती जाळून टाकेल."

यादोरावांनी चष्मा काढून पुसला.

"पन्नास कसे काढले?"

"कसे म्हणजे? साधा हिशेब आहे."

"करून दाखवा."

यादोराव त्याच्यासाठी थांबले, मग स्वतःच बोलायला लागले, हळूहळू, पार्सलाचा अहवाल वाचून दाखवावा तसे. सहाशे चाळिसातून सुटी चाळीस गेली, राहिली सहाशे. सहाशेला अकरानं भाग जात नाही. पुड्यात किती हे ज्याला माहीत नाही त्याला उरलेली सांगताच येत नाहीत. मंजूला नाही आली. खुशबूला पुडा माहीत आहे, पण तिचा पुडा सत्तरचा, म्हणून तिचं उत्तर भलतंच आलं आणि तिनं ते तसंच सांगितलं. पन्नास म्हणू शकेल असा माणूस एकच. ज्यानं ते पुडे बांधले, आणि बारा बांधले होते हे ज्याला पक्कं आठवतं.

"पुडे बाराच आहेत," यादोराव म्हणाले. "एक मीच काढून ठेवला. अन् तुम्ही तं आयुष्यात पुडा हातात धरला नव्हता."

"लांजीकडे पन्नासचा असतो," हेमेंद्र म्हणाला. ते तो कोणाला सांगत होता, त्यालाच ठाऊक. "इकडे वेगळा असतो हे मला माहीत नव्हतं."

"तेच तर," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "तू कार्डांवर जे करतोस तेच केलंस, हेमेंद्र. गोष्ट दुसऱ्याच्या घरची घेतलीस आणि माप आपल्या घरचं लावलंस. विचारलंसुद्धा नाहीस."

हेमेंद्रनं मान खाली घातली. मग तो बोलला, आणि त्यानं काही लपवलं नाही. सोमवारी संध्याकाळी कार्डं काढून नेली, रात्री बांधली आणि सकाळी खुशबूनं पिशवी खुंटीला अडकवल्यावर ती आत टाकली. लहानपणी सगळे उन्हाळे आजोळी पानं बांधण्यात गेले होते. शहरात आल्यावर त्यानं ते कोणाला सांगितलं नाही, त्याला लाज वाटायची. आणि ही मुलगी तेच उजळ माथ्यानं सांगायची आणि वर त्याची कार्डं दुरुस्त करायची. दोनशे अकरा कार्डांवर लाल शाई होती, त्यानं मोजली होती. बाई आज ती बघणार होत्या. ती चोर ठरली असती तर तिची लाल शाईही खोटी ठरली असती.

"दुरुस्त्या बरोबर होत्या का?" यादोरावांनी विचारलं.

"सगळ्या," हेमेंद्र म्हणाला. तो उठला, खुशबूकडे न बघता बाहेर गेला आणि जिना उतरून निघून गेला. चारोळीची पिशवी खुंटीवर तशीच राहिली.

६

पावणेसहाला बाईंनी प्रकाशकाला पत्र लिहिलं आणि संगणकाचा पडदा खुशबूकडे वळवला. नाव तिचंच होतं. खुशबूनं ते दोनदा वाचलं, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना.

"मॅडम, खुंटीवर तीन पिशव्या होत्या," ती म्हणाली. "पहिली माहीच काऊन घेतली?"

बाईंनी सकाळी यादोरावांना जे सांगितलं होतं, की पिशवी फुगलेली दिसली, ते त्यांच्या ओठांवर आलं होतं. यादोरावांना ते दिसलं. पण बाईंनी ते गिळलं.

"कारण मला ते खरं वाटणं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दल सोपं होतं. मंजूबद्दल नव्हतं. मला माफ कर."

खुशबूनं पडद्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पत्र पाठवा. मी काम करीन, चांगलं करीन. पन काकाजीनं सांगितलं, माह्या आईनं आज चार बायांसमोर आयकलं, का पोरगी चोर आहे. मी सांगून ते पुसत नाही. तुमाले यावं लागंल."

बाईंनी पत्र पाठवलं. सहाला सात मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटोतून तिघं त्या अंगणात उतरले. यादोराव मुद्दाम मागे राहिले. या प्रकरणात त्यांनीही काही कमी घाण केली नव्हती. त्याच बाया, तेच मोहाचं झाड. काय झालं ते बाईंनीच सांगावं म्हणून खुशबूनं आईला काही सांगितलं नव्हतं. बाई कडक इस्त्रीच्या सुती साडीत, उंबरठ्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे वाक्यं चांगली होती. माझी चूक झाली, असं त्या म्हणाल्या. तुमची मुलगी निर्दोष आहे, मला खेद वाटतो, असंही म्हणाल्या.

सुगंधानं पानांवरून मान वर केली नाही. वाक्यं संपली तेव्हा तिनं समोरची पानं हातानं बाजूला सारली आणि मातीत एका माणसापुरती जागा केली.

"उभ्यानं तं आमच्यासंग मुनशी बोलते, बाई," ती म्हणाली. "तुमी खाली बसा, अन् काय झालं ते सांगा. समद्याइले आयकू येईल असं."

खुशबूला वाटलं आपण काहीतरी बोलावं, पण यादोरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी चपला काढल्या, त्या बायांच्या मध्ये मातीत बसल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.